नवरा सिटिझन आहे, मग व्हिसा कुठे अडला?

‘जावई अमेरिकेचा सिटिझन आहे, लग्न रीतसर झालंय, मग पोरीला अजून व्हिसा का नाही?’ कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या घरांकडून हा प्रश्न नेहमी येतो. विचारते ती आई, मामा, कधी सासरे. जिचा व्हिसा आहे ती मुलगी शेजारी बसून फोनकडे बघत असते.

आज सांगतेय ती मुलगी कागल भागातली. तिच्या परवानगीनेच लिहितेय आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. बी.फार्म. झालेली, स्थळ मामांनी आणलेलं. मुलगा मूळचा जयसिंगपूरकडचा, न्यू जर्सीत राहणारा, तिथलं नागरिकत्व घेतलेला. तीन आठवड्यांच्या रजेत साखरपुडा, हळद, लग्न, जोतिबा आणि अंबाबाईचं दर्शन सगळं उरकून तो परत गेला. ती सासरी राहिली. वर्ष उलटून गेलं. दिवाळीला माहेरी आली ती पुन्हा सासरी गेलीच नाही, कारण दोन्हीकडे लोकांना एकच विषय.

आई म्हणाली, “मॅडम, भावकीत काय काय बोलालेत. तिकडं त्याची दुसरी कोण असंल म्हणालेत. पोरगी रात्रभर झोपत न्हाई.” वडिलांनी तर उपायही शोधला होता. “टुरिस्टवर धाडतो की. एकदा तिथं पोचली की दोघं बघून घेतील.”

आधी तो उपाय बाजूला ठेवायला लावला. टुरिस्ट व्हिसा मागताना ‘मी परत येणार’ हे अधिकाऱ्याला पटवावं लागतं. नवरा अमेरिकन, त्याने बायकोसाठी अर्ज भरलेला, अशा मुलीला ते पटवणं अवघडच. आणि लग्न लपवून व्हिसा काढला तर ती खोटी माहिती ठरते. त्यापायी कायमचा प्रवेश बंद होऊ शकतो. वडील गप्प झाले, पण पटल्यासारखे दिसले नाहीत. “एजंट तर म्हणाला होतंय म्हणून,” एवढं पुटपुटले. एजंटाचं काय, नकार आला तर नोंद मुलीच्या नावावर, त्याच्या नव्हे.

मग मुलीला विचारलं, तुझी केस नेमकी कुठे आहे? तिला माहीत नव्हतं. अर्ज कधी भरला, पावतीचा नंबर काय, मंजूर झालाय का, काहीच नाही. “हे म्हणतात प्रोसेस चालू आहे, तू टेन्शन घेऊ नको.” लग्नाचा दाखला? तो ग्रामपंचायतीतून काढून सासऱ्यांकडे दिलेला. पासपोर्ट? तोही सासऱ्यांकडे, “हरवायला नको म्हणून”.

माझ्या मते तिची झोप उडायचं कारण इथे होतं. लोकांच्या बोलण्याने फक्त त्यात भर घातली. तिचं पुढचं सगळं आयुष्य ज्या कागदांवर होतं, त्यातला एकही तिने पाहिलेला नव्हता.

मी वकील नाही, कागदांसाठी वकिलाकडेच पाठवते. पण ढोबळ वाट ठाऊक असली की निम्मी भीती कमी होते, म्हणून तिच्या वहीत लिहून दिली. लग्नाने मिळतो तो अर्ज करण्याचा हक्क. अमेरिकन नागरिक आय-१३० हा अर्ज भरतो. नागरिकाच्या बायकोला वार्षिक कोट्याची रांग नाही. ग्रीन कार्डवाल्याच्या, म्हणजे कायम राहण्याचा परवाना असलेल्याच्या, बायकोला असते. (आपल्या बायोडेटात ‘यूएस सेटल्ड’ या दोन शब्दांत सिटिझन, ग्रीन कार्ड आणि एच-१बी म्हणजे नोकरीपुरत्या व्हिसावाले सगळे एकाच ओळीत बसवतात. स्थळ बघतानाच विचारा. एच-१बीवाल्याच्या बायकोला मिळतो तो एच-४, आणि त्यावर सरसकट नोकरी करता येत नाही.) अर्ज मंजूर झाला की केस अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे फी, मुलीचा अर्ज, दाखले आणि नवऱ्याचं उत्पन्नाचं हमीपत्र, म्हणजे बायकोचा खर्च उचलण्याची लेखी हमी, लागतं. ते पूर्ण झालं की मुंबईत मेडिकल आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. रांग नसली तरी या सगळ्याला वर्ष किंवा त्याहून जास्त लागणं नेहमीचं आहे. म्हणजे नुसता उशीर झाला म्हणून संशय घ्यायचं कारण नव्हतं.

पण या केसमध्ये उशीर नुसता नव्हता. नवऱ्याशी बोलायचं ठरलं. शनिवारी संध्याकाळी, तिकडे सकाळ असताना, तिघांचा व्हिडिओ कॉल झाला. घरच्यांना बाहेर बसवलं. सुरुवातीला तो तेच म्हणाला, प्रोसेस चालू आहे. मी विचारलं, केस नंबर हिला पाठवता का? बराच वेळ काही बोलला नाही. मग सगळं बाहेर आलं. आय-१३० कधीच मंजूर झाला होता. केस व्हिसा सेंटरकडे येऊन पडली होती, आणि हमीपत्र त्याने भरलंच नव्हतं, कारण त्याची नोकरी गेली होती.

तो म्हणाला, “माझे सासरे लग्नात सगळ्यांना सांगत होते, जावई मॅनेजर आहे म्हणून. मी गोदामात शिफ्ट करतोय हे कसं सांगणार होतो?”

हमीपत्रासाठी उत्पन्न तिथल्या सरकारी दारिद्र्य पातळीच्या १२५ टक्के लागतं. दोन माणसांच्या घराला २०२५च्या आकड्यांनुसार वर्षाला २६,४३७ डॉलर. त्याची अर्धवेळ कमाई तिथवर पोचत नव्हती. मग सोपं काय, गप्प बसणं. पण व्हिसा सेंटरकडे वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर केस बंद होऊ शकते, आणि तो त्या मुदतीच्या फार लांब नव्हता. यावर मार्ग होता आणि तो त्याला माहीतही होता: अमेरिकेत राहणारा, पुरेसं उत्पन्न असलेला कुणीही सज्ञान नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे जोडीने हमी देणारा, होऊ शकतो. त्याचे सख्खे काका टेक्सासमध्ये होते. त्यांना विचारणं म्हणजे नोकरी गेल्याचं भावकीत जाहीर करणं, म्हणून विचारलं नव्हतं.

दुसरी बाई नाही हे कळल्यावर आईला हायसं वाटलं. मुलीला नाही. ती जास्तच चिडली. “नोकरी गेली ते जाऊ दे. रोज रात्री मला प्रोसेस चालू आहे म्हणून सांगत होता, ते काय होतं?” घरच्यांना वाटत होतं, गैरसमज मिटला, आता मॅडमनी तिला समजवावं. मी समजवलं नाही. तिला राग येणं रास्त होतं आणि नवऱ्याने तो ऐकून घेणं गरजेचं होतं. पुढची दोनेक सत्रं त्यातच गेली.

त्यातून जे ठरलं ते फार साधं होतं. त्याने केस नंबर आणि इनव्हॉइस नंबर तिला पाठवले. या दोन्हींनी तिला स्वतःच्या फोनवर केस उघडून बघता येते. पासपोर्ट आणि दाखले तिच्याकडे आले. सासऱ्यांना जरा लागलं, पण त्यांनी आणून दिले. काकांना फोन मुलाने स्वतः केला. त्याच्या सासऱ्यांना, म्हणजे मुलीच्या वडिलांना, नोकरीचं त्यानेच सांगायचं ठरलं. त्याला मात्र वेळ लागला.

मग तिने तो प्रश्न विचारला जो या खोलीत बहुतेक मुली आईला बाहेर पाठवून विचारतात. “तिथं गेल्यावर यांनी मला घराबाहेर काढलं तर?”

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत अमेरिकेत पाऊल ठेवलं तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अट काढण्याचा अर्ज भरायचा असतो. ही अट १९८६च्या कायद्याने आली, खोटी लग्नं रोखायला. मुलींना वाटतं, म्हणजे दोन वर्षं त्याच्या मुठीत. तसं नाही. लग्न खरं होतं आणि मोडलं, किंवा छळ झाला, तर नवऱ्याच्या सहीशिवाय एकटीला अर्ज करता येतो. ज्यांचं कार्डच अजून झालेलं नाही अशा छळ झालेल्या बायकोलाही १९९४च्या कायद्याने स्वतः अर्ज करण्याची सोय आहे. आणि ते हमीपत्र घटस्फोटाने संपत नाही. ती नागरिक होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांची नोकरी तिच्या नावावर जमेपर्यंत ते सही करणाऱ्याला बांधून ठेवतं. हे ऐकल्यावर तिने वहीत त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. परदेशातल्या नवऱ्याने टाकलेल्या बायकांसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा एनआरआय कक्ष आहे, परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे, तेही लिहून दिलं.

हे नियम फक्त अमेरिकेचे, हे विसरू नका. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४पासून बोलावणाऱ्याचं उत्पन्न २९,००० पौंड लागतं आणि कायमच्या वास्तव्याला पाच वर्षं. जर्मनीला जाणाऱ्या बायकोने सहसा आधी ए-१ या अगदी सुरुवातीच्या पातळीचं जर्मन शिकायचं असतं. शेजारणीच्या पोरीचं कसं झालं त्यावरून आपलं ठरवता येत नाही.

अधूनमधून एखादा मुलगा येऊन हळूच विचारतो, कागदापुरतं लग्न करून कार्ड मिळवता येईल का. त्याच्यावर मी फार वेळ घालवत नाही. अमेरिकेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, आणि एकदा असं लग्न सिद्ध झालं की नंतर खऱ्या बायकोने भरलेला अर्जही मंजूर होत नाही.

ठरवून केलेल्या लग्नावर अधिकारी संशय घेतील, ही भीती मात्र खऱ्या जोडप्यांनाही असते. मुंबईतल्या अधिकाऱ्यांना ठरवून केलेली लग्नं नवीन नाहीत. पत्रिका, हळदीपासूनचे दोन्ही घरच्या माणसांसोबतचे फोटो, रोजच्या बोलण्याची नोंद, नवऱ्याने पाठवलेले पैसे, तो पुन्हा येऊन गेला असेल तर तिकिटं, हे सगळं जपून ठेवायचं. एजंटाने पाठ करून दिलेली उत्तरं नकोत. आपल्या मुलीला नवऱ्याच्या कामाबद्दल विचारलं असतं तर ती ‘मॅनेजर’ म्हणाली असती आणि हमीपत्रात वेगळंच दिसलं असतं.

एक गोष्ट कुणीच तपासली नव्हती: तिथे जाऊन फार्मासिस्ट होता येईल का. २००३पासून पदवी घेतलेल्यांना त्या परवान्याच्या वाटेवर पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो आणि आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. तिला वाईट वाटलं, पण विमानात बसायच्या आधी वाटलं हे बरं. सध्या ती कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये नोकरी करते आणि फार्मसी टेक्निशियनला तिथे काय लागतं ते शोधतेय.

काकांचे कागद गेले, व्हिसा सेंटरने ते स्वीकारले. नवऱ्याला मधल्या काळात नवी नोकरी लागली, तरी ती नवीन असल्याने काकांचं हमीपत्र तसंच ठेवलंय. मुलाखतीची तारीख यायची आहे. भावकीतलं कुणी विचारलं तर आई आता सांगते, “तिलाच विचारा, तिच्या फोनवर दिसतंय.”