वाचकांचे प्रश्न : सोळा इंची अलॉय बसतील का?

प्रश्न : माझ्या स्विफ्टला १८५/६५ आर१५ टायर आहेत. दुकानदार १६×७, ऑफसेट ३५चे अलॉय सुचवतोय. 'चारच नटांचे आहेत, आरामात बसतील' म्हणतो. घेऊ का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : बसतील, पण घासतील. स्विफ्टचा पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, ४×१०० (चार भोकं, १०० मि.मी.) आहे. चार भोकांच्या रिमवर समोरासमोरच्या दोन भोकांचं केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर मोजलं की तो कळतो. दुकानदार एवढंच बघून मोकळा झालाय.

ऑफसेट म्हणजे रिमची मधली रेषा आणि हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) टेकणारी बाजू यांतलं अंतर. मूळ रिमवर कोरलेले आकडे आधी वाचा. समजा, ५.५ जे (रुंदी साडेपाच इंच), ईटी ४० (ऑफसेट ४० मि.मी.) निघालं. मग ७ इंच रुंद, ३५ ऑफसेटची रिम बाहेर २४ मि.मी. येते आणि आत १४ मि.मी. सरकते. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असताना गाडी खड्ड्यात दबली, की मडगार्डची कड टायरला लागते. १६×६, ईटी ४० घेतली तर दोन्हीकडे जेमतेम सव्वासहा मि.मी.चा फरक पडतो. ती मागा.

टायर १९५/५५ आर१६. व्यास ६२०.९ मि.मी., मूळचा ६२१.५, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही, जुनी स्टेपनीही चालते. साइडवॉल (टायरच्या बाजूची उंची) मात्र १२० वरून १०७ मि.मी.वर येते, म्हणजे पावसाळ्यातल्या खड्ड्यांत रिमला मार जास्त. लोड इंडेक्स (एक टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) मूळच्या टायरवर बघा : ८८ म्हणजे ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मधल्या भोकाची. स्विफ्टचा हब ५४.१ मि.मी.चा, बाजारातल्या पुष्कळ रिमचं भोक ७३.१ असतं, कारण एकच रिम अनेक गाड्यांना विकायची असते. मधली फट ७३.१-५४.१ची हब रिंग भरून काढते. ती नसली की ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि टायरवाला दर वेळी बॅलन्सिंगचे पैसे घेतो. दोष बॅलन्सिंगचा नसतोच.

नट १२×१.२५ आट्यांचेच (१२ मि.मी. व्यास, दोन आट्यांत १.२५ मि.मी. अंतर) हवेत. १.५चे नट ह्युंदाई-होंडाचे. पान्याने जबरदस्ती केली तर स्टडचे (नट ज्यावर चढतो त्या दांड्याचे) आटे जातात. नट हाताने किमान आठ फेरे फिरला पाहिजे. शंभरेक किलोमीटरनंतर मॅन्युअलमधल्या टॉर्कने पुन्हा आवळा. स्टेपनीसाठी मूळ नट गाडीतच ठेवा.

प्रश्न : ऑक्टाव्हियाचे जुने अलॉय स्वस्तात मिळतायत. क्रेटाला लावू का? दोन्हींना पाचच नट आहेत. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नको. ऑक्टाव्हिया ५×११२, क्रेटा ५×११४.३. फरक २.३ मि.मी.चा दिसतो, पण प्रत्येक स्टड भोकाच्या एका अंगाला दाबला जातो आणि नट सैल होत राहतात. शिवाय ऑक्टाव्हियाच्या रिमची नट-बैठक गोलसर, क्रेटाचे नट शंकूसारखे. त्यांची पकड अर्धवट. तसा हा सगळा प्रश्नच उरत नाही म्हणा : त्या रिमचं मधलं भोक ५७.१, क्रेटाचा हब ६७.१. रिम हबवर चढणारच नाही. भोक मोठं करून देतो म्हणणाऱ्या लेथवाल्याच्या नादी लागू नका.