विकासदर, वृद्धिदर आणि ‘वाढ गं माय’

परभणीच्या एका वाचकानं विचारलंय: “एकाच बातमीत मथळ्यात ‘विकासदर’ असतो आणि आत ‘वृद्धीदर’. दोन्ही एकच का? आणि दरसाल वाढ होतच असेल, तर आमच्या गल्लीतली गरिबी हटत का नाही? ‘वाढ’ या शब्दातच काही खोट आहे का?”

खोट शब्दात नाही, लिहिणाऱ्यात आहे. ‘विकासदर’ ऐकलं की माझं डोकं उठतं. विकास म्हणजे वि अधिक कस्, उमलणं. कमळ सात टक्के उमललं असं कुणी म्हणतं का? राज कृष्ण या अर्थतज्ज्ञानं आपल्या अर्थव्यवस्थेच्या त्या काळच्या साडेतीन टक्क्यांच्या रखडत्या चालीला ‘हिंदू’ हे विशेषण चिकटवलं, तेव्हा तो वाढीच्या दराबद्दल बोलत होता. मराठीत त्याचा ‘हिंदू विकासदर’ झाला आणि तोच रुळला. कॉलेजात पोरांकडून वृद्धी (उत्पादन वाढणं) वेगळी, विकास (लोकांचं जगणं सुधारणं) वेगळा असं घोकून घेतात. तीच पोरं उपसंपादक झाली की सगळं विसरतात. असो. हे कुठलाही कोश सांगेल.

गंमत ‘वाढ’मध्ये आहे.

संस्कृतात वृध्, प्राकृतात वड्ढ, मराठीत वाढ. पाणिनीच्या अष्टाध्यायी या संस्कृत व्याकरणग्रंथाचं पहिलंच सूत्र ‘वृद्धिरादैच्’. आरंभी मंगल शब्द यावा म्हणून त्यानं नेहमीचा क्रम उलटा केला, असं त्याचा भाष्यकार पतंजली सांगतो. पण याच पाणिनीकडे पाचव्या अध्यायात ‘वृद्धि’ व्याजाच्या अर्थानंही येते. मंगल कुणाचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं! आपण ‘चक्रवाढ’ म्हणतो ती ही चक्रवृद्धीच. खेड्यात धान्य उसनं देऊन दिडीनं, म्हणजे दीडपट, परत घ्यायचे, तिला नावच ‘वाढीदिढी’. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात चक्रवृद्धीच्या पंगतीला आणखी तिघी बसल्यात: कालवृद्धी, कारिता आणि कायिका. कायिका म्हणजे काया झिजवून फेडायचं व्याज.

मी अंबाजोगाईचा. कायिका कळायला मला भाष्यकार लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की केज, धारूर, वडवणीकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाली पाचटाची झोपडी बांधायचं सामान, वर भांडीकुंडी, त्यावर पोरं, मागं बांधलेली शेळी. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, आधीच घेऊन खर्चलेली असते. उचल मिळते कोयत्यावर. इथं कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवराबायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. हंगामभर मोळ्या वाहूनही उचल फिटली नाही की बाकी पुढच्या साली. तिकडं साखरेचं उत्पादन वाढलं अशी बातमी येते, इकडं अंगावरची बाकी वाढते. क्रियापद दोन्हीकडं एकच आणि व्याकरणाच्या दृष्टीनं दोन्ही वाक्यं शुद्ध.

आता माझा लाडका मुद्दा. मराठीत वाढणे दोन: पोर वाढतं ते अकर्मक, भात वाढतो ते सकर्मक. संस्कृत शिकवून निवृत्त झालेले माझे एक पुणेकर स्नेही म्हणतात, हा निव्वळ योगायोग, दोन्हींचा संबंध लावू नका. का लावू नको? दार उघडतं आणि आपणही दार उघडतो. काठी मोडते आणि आपणही काठी मोडतो. एकच धातू दोन्हीकडं चालवायची मराठीची जुनी खोड आहे. यावर त्यांचं म्हणणं, मग वाढीला ‘वाढवणे’ हे प्रयोजक रूप वेगळं कशाला? अहो, वाढवणे तर आपण नारळही वाढवतो, बांगडीही वाढवतो, आणि दोन्ही वेळा वस्तू फुटलेली असते! रूपावरून अर्थ ठरवणाऱ्यांनी आधी त्याचा निकाल लावावा.

शिवाय हे बघा. संस्कृतात जेवण वाढण्याला परिवेषण म्हणतात. हिंदीनं त्यातून परोसना घेतलं, गुजरातीनं पीरसवुं. मराठीनं मात्र धरलं वाढणं, म्हणजे समोरच्याच्या पानात भर घालणं. माझ्या मते हा अपघात नाही. आमच्या भाषेला वाढ म्हणजे काय हे कळत होतं: भर पडली की पडली नाही, ते पानात बघायचं. दारात आलेला भिकारी काय म्हणतो? “वाढ गं माय.” टक्केवारी मागत नाही तो.

स्नेह्यांना हे काव्य वाटतं. वाटू दे. १९७१मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी गरिबी मोजली ती कशानं? माणशी रोज २२५० उष्मांक देणारं अन्न घेण्याइतका खर्च कुटुंब करू शकतं की नाही, यानं. म्हणजे ताटापासून सुरुवात करून. देशाची वाढ मोजायची अकर्मकानं आणि गरिबी मोजायची सकर्मकानं. आकडे जुळणार कसे? अकर्मकाला कर्ता म्हणून नुसती ‘अर्थव्यवस्था’ चालते, ती आपोआप वाढते. सकर्मकाला कुणीतरी पळी हातात घेऊन उभं राहावं लागतं. ब्राझीलमध्ये १९६८ ते १९७३ या काळात अर्थव्यवस्था वर्षाला दहा टक्क्यांच्या पुढं पळत होती. आणि तिथले लष्करी अध्यक्ष मेदिसीच बोलून गेले की अर्थव्यवस्थेचं बरं चाललंय, लोकांचं नाही.

यावर अर्थशास्त्राच्या पुस्तकांचं उत्तर ‘झिरपणे’. वर साचलं की खाली झिरपतं म्हणे. लिहिणारा आमच्या काळ्या रानात कधी पावसाळ्यात उतरलेला नसावा. एकदा माती फुगली की पाणी वरच तुंबतं, आणि खालच्या कातळात भेग नसेल तर विहिरीला पाझरही फुटत नाही.

आमच्या गावच्या सप्ताहात मी चौदा-पंधरा वर्षांचा असताना बुंदीची बादली माझ्याकडं दिली होती. घरोघरच्या भाकरी, आमटीच्या कढया, पाचशे-सहाशे पानं. पहिल्या ओळीत पाटील, सोसायटीचे चेअरमन, मास्तर. मी हात सैल सोडला. देवळाच्या पाराच्या कडेला शेवटची ओळ होती, तिथं पोचलो तेव्हा बादलीत चुरा. एका म्हातारीनं द्रोण पुढं केला, बादलीत डोकावली आणि म्हणाली, “राहू दे लेकरा, आमटी आण.” बुंदी त्या साली आदल्या सालापेक्षा जास्त पाडली होती, हे आचारी रात्री सगळ्यांना सांगत होता. अशा वाढण्याला मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ असा नेमका शब्द आहे. पेपरवाले त्याऐवजी ‘विषमता’ लिहितात. विषमता आपोआप असते, पंक्तिप्रपंच कुणीतरी करतं. त्या दिवशी मी केला होता.

हां, मूळ प्रश्न. दोन्ही एकच नाहीत. उत्पादनाच्या आकड्याला ‘वाढीचा दर’ म्हणा, नाहीतर ‘वृद्धिदर’. आणि तुम्ही ‘वृद्धीदर’ असं लिहिलंय, त्यातला द्धि ऱ्हस्व करा. बुद्धिमत्तेत असतो तसा.