हाताखालचे जुने ऑपरेटर ऐकत नाहीत. सुपरवायझर म्हणून पुढे कसं जायचं?

तुम्ही विचारलंय की वय २६, मेकॅनिकल डिप्लोमा, मशीन शॉपला नुकतंच सुपरवायझर केलंय, ऑपरेटर वयाने दुप्पट आणि ऐकत नाहीत. नेतृत्वगुण कसे आणायचे आणि वरच्या जागेवर कसं जायचं. मी भोसरीत याच वाटेने आलो. ट्रेनी म्हणून लागलो, आज प्रॉडक्शन मॅनेजर आहे. मधे १८ वर्षं गेली.

ऐकतात की नाही हे तूर्त सोडा. ते तुम्हाला खरं सांगतात का, ते आधी बघा.

सुपरवायझर होऊन मला तीन महिने झाले असतील. दुसऱ्या पाळीत हाउसिंगचे (यंत्राच्या बाहेरच्या कवचाचे) ६२ पीस गेले, बोअर म्हणजे आतलं गोल भोक मोठं झालं. बोअर लहान राहिला तर परत कट मारता येतो, मोठा झाला की पीस भंगारात. मशीनवर होते त्यांना सगळे मामा म्हणायचे, २२ वर्षं नोकरी झालेली. मी त्यांच्यावर सगळ्यांदेखत ओरडलो. त्यांनी हातातला बोअर मोजायचा गेज फडक्याने पुसला, पेटीत ठेवला, पेटी बंद केली. एक शब्द बोलले नाहीत. पुढचे दोन महिने माझ्या लाइनवर कुणीही स्वतःहून चूक सांगितली नाही. खराब पीस चिप्सच्या (धातूच्या किसाच्या) ट्रॉलीत तळाशी सापडायचे.

घडलं काय होतं, ते उशिरा कळलं. इन्सर्ट, म्हणजे हत्याराची बदलता येणारी धार, झिजत जातो तसा बोअर लहान यायला लागतो, म्हणून पहिल्या पाळीच्या ऑपरेटरने ऑफसेट (ही झीज भरून काढायला मशीनला दिलेला आकडा) वाढवत नेला होता. मामांनी आल्या आल्या इन्सर्ट बदलला. नवा इन्सर्ट, जुना ऑफसेट, म्हणून बोअर मोठा. त्यांना ऑफसेटचं कुणी सांगितलंच नाही, कारण पाळी सुटायची साडेतीनला आणि बस निघायची तीन पस्तीसला. शिवाय इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस क्वालिटीकडून तपासून घ्यायचा असतो. तो “माल न्यायची गाडी उभी आहे, चालू द्या” म्हणून मीच टाळायला लावला होता.

ओरडलो होतो सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली, चहाच्या वेळेत. मग बससाठी ॲडमिनच्या मागे लागलो. तीन आठवडे गेले, पण ६२ पिसांची किंमत कागदावर मांडल्यावर बस दहा मिनिटं उशिरा निघायला लागली. तेव्हापासून पाळी बदलताना दोघे ऑपरेटर मशीनशी एकत्र उभे राहतात. मशीनला दोरीने वही बांधलीय: इन्सर्ट कधी बदलला, ऑफसेट किती, आवाज कसा येतोय. आणि कुणी खराब पीस घेऊन आला तर “बरं झालं सांगितलंत” म्हणायचं आणि त्याच्यासोबत मशीनकडे चालायला लागायचं. टोयोटाच्या कारखान्यांत लाइनवरचा कामगार अडचण आली की दोरी ओढतो आणि टीम लीडर त्याच्याकडे येतो. तिथे दोरी ओढणं हा कामाचाच भाग धरतात.

त्या पावसाळ्यात मामा माझ्या टेबलाशी आले. “साहेब, चार पीस गेले. मशीन थांबवलंय.” आधी ६२ गेले होते, आता चार. मला ते प्रमोशनच्या पत्रापेक्षा मोठं वाटलं.

वर जायचं म्हणाल, तर आपल्या लाइनचं रिजेक्शन, सेटिंगला लागणारा वेळ, मशीन बंद राहिल्याचे तास रोज स्वतःच्या हाताने लिहा. ग्राहकाची तक्रार आली की ८डी रिपोर्ट (चुकीचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा अहवाल) क्वालिटीवर ढकलू नका, स्वतः लिहायला बसा. कारण शोधण्याची सवय तिथेच लागते आणि वरिष्ठांसमोर बोलण्याची संधीही मिळते. तिथे सुधारणा कुणी सुचवली त्याचं नाव घेऊन सांगा. चूक मात्र ‘आमच्या लाइनची’ म्हणा, ऑपरेटरचं नाव काढू नका. हे शॉपवर संध्याकाळपर्यंत पोचतं.

आणखी एक, जे मला फार उशिरा उमगलं. लाइन फक्त तुम्हालाच सांभाळता येत असेल तर तुम्हाला तिथून कुणी हलवणार नाही. एखादा आयटीआय झालेला चुणचुणीत मुलगा हेरा, वही त्याच्या हातात द्या, आणि गुरुवारच्या सुट्टीला जोडून दोन दिवस रजा टाकून बघा. लाइन नीट चालली तर साहेबांना तसं सांगा.

डिग्रीचा विचार असेल तर डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, पण पाळ्या सांभाळून ते ओढणं जड जातं. आधी वर्षभर लाइनवर पाय रोवा.