एन्लार्जर नाही, ४×५ च्या निगेटिव्ह आहेत. काँटॅक्ट प्रिंटसाठी कोणता पेपर घेऊ?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: जुना ४×५ इंची फील्ड कॅमेरा हाती आलाय, एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) नाही आणि फ्लॅटमध्ये तो ठेवायला जागाही नाही. म्हणून निगेटिव्हच्याच आकाराच्या प्रिंट काढायच्या आहेत. आरसी (प्लास्टिकचं अस्तर असलेला) मल्टिग्रेड, म्हणजे फिल्टर बदलून काँट्रास्ट बदलता येणारा पेपर घ्यावा, फायबर बेस (साध्या कागदाचा) मल्टिग्रेड घ्यावा, की जाणकार ज्याचं एवढं कौतुक करतात तो खास क्लोराइडचा काँटॅक्ट पेपर मागवावा? आणि या सगळ्यांना एकच लाल दिवा चालेल का?

माझं मत आधीच सांगते. सुरुवात आरसी मल्टिग्रेड ग्लॉसीने करा. हात बसला की फायबर घ्या. क्लोराइड पेपर मात्र तेव्हाच मागवा, जेव्हा तुम्ही निगेटिव्हच त्या पेपरसाठी बनवायला लागाल. काँटॅक्ट प्रिंटिंगमध्ये पेपर चांगला की वाईट हा प्रश्न मला फार कामाचा वाटत नाही. तो आपल्या निगेटिव्हशी जुळतो का, एवढंच बघायचं असतं, आणि हे कळायला मला बराच महागडा कागद खर्च करावा लागला.

माझ्या वडिलांचा सांगलीत छोटा स्टुडिओ होता. तिथे एक लाकडी पेटी होती: आत बल्ब, वर काच, आणि काचेवर दाबून बसणारं झाकण. लोक आपल्या क्लिक थ्रीमधले १२० चे रोल धुवायला द्यायचे आणि वडील त्या पेटीवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या प्रिंट काढायचे. नागमोडी कडांच्या, काळ्या पानांच्या अल्बममध्ये कोपरे लावून चिकटवलेल्या त्या प्रिंट तुमच्याही घरी असतील. भिंग लावून बघा एकदा. मधे लेन्स आलेलीच नसते, निगेटिव्हचं इमल्शन (ज्यात चित्र असतं तो थर) थेट कागदाच्या इमल्शनला टेकलेलं असतं, त्यामुळे साडीच्या काठाचा धागा न् धागा दिसतो. तुमच्या ४×५ मध्ये हीच गोष्ट कितीतरी जास्त मोकळेपणाने मिळणार आहे.

आता कागद. मूळ फरक इमल्शनमधल्या चांदीच्या क्षाराचा आहे. एन्लार्जरसाठी बनवलेल्या पेपरमध्ये मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइड किंवा ब्रोमाइड-क्लोराइडचं मिश्रण असतं. ते वेगवान असतात, कारण एन्लार्जरच्या लेन्समधून येणारा प्रकाश अगदी थोडा असतो. खास काँटॅक्ट पेपर सिल्व्हर क्लोराइडचे आणि प्रचंड मंद. त्यांना जुन्या काळी गॅसलाइट पेपर म्हणत. गॅसची बत्ती बारीक करून पेपर हाताळायचा, एक्स्पोजरच्या वेळी बत्ती मोठी करायची, पुन्हा बारीक करून डेव्हलप करायचा. एवढा तो सोशिक. लिओ बेकलँड यांनी काढलेला व्हेलॉक्स हा त्यातला गाजलेला पेपर. १८९९ मध्ये त्यांनी तो धंदा कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमन यांना विकला, आणि पुढे याच बेकलँड यांनी बॅकेलाइट शोधलं, ज्याची काळी बटणं आपल्या जुन्या घरांत अजून आहेत. कोडॅकचा अझो हा या घराण्यातला शेवटचा मोठा पेपर. २००५ मध्ये कोडॅकने कृष्णधवल पेपर बनवणं थांबवलं तेव्हा तोही गेला. त्याची उणीव भरून काढायला अमेरिकेत मायकेल स्मिथ आणि पॉला चॅमली या फोटोग्राफर दांपत्याने लोडिमा नावाचा पेपर बनवून घेतला. (अमिडॉल या डेव्हलपरचं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलं की लोडिमा होतं. क्लोराइड पेपर आणि अमिडॉल ही जोडी किती जुनी आहे ते यावरून समजा.) जर्मनीच्या अडॉक्सने लुपेक्स आणला, तोही क्लोराइडचाच.

या मंदपणाचा फायदा असा की तुम्हाला साधा बल्ब पुरतो. शंभर वॉटचा तारेचा बल्ब, काचेपासून दोन फुटांवर, आणि दहा-वीस सेकंद. तेवढ्या वेळात हाताने किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याने एखादा कोपरा झाकता येतो, आकाश थोडं जास्त जाळता (जास्त प्रकाश देऊन गडद करता) येतं. कॅलिफोर्नियात फोटोग्राफर एडवर्ड वेस्टन आपल्या ८×१० च्या निगेटिव्ह अशाच छपायचे: वरून टांगलेला उघडा बल्ब, काँटॅक्ट फ्रेम आणि ट्रे. १९३० सालची त्यांची ती प्रसिद्ध ढोबळी मिरची काँटॅक्ट प्रिंटच आहे.

मल्टिग्रेडबरोबर हे जमत नाही. माझी पहिली प्रिंट मी चाळीस वॉटच्या बल्बखाली काढली. बटण दाबलं, लगेच बंद केलं, आणि कागद डेव्हलपरमध्ये पडताच कोळशासारखा काळा. बंद-चालू करायला लागणारा वेळच त्या पेपरला जास्त होत होता. उपाय स्वस्त आहे: जुना तारेचा झिरो बल्ब. नाव झिरो असलं तरी तो पंधरा वॉटच्या आसपास असतो. नवा एलईडीवाला झिरो घेऊ नका. त्याच्या प्रकाशात निळा आणि हिरवा यांचं प्रमाण वेगळं असतं आणि मल्टिग्रेड पेपरचा सगळा कारभार त्या प्रमाणावरच चालतो. हिरवा प्रकाश जास्त मिळाला की प्रिंट मऊ (कमी काँट्रास्टची) येते, निळा जास्त मिळाला की कडक. मी बल्ब एका पत्र्याच्या डब्यात बसवला, डब्याला खाली भोक पाडलं आणि भोकावर मल्टिग्रेडचा फिल्टर (नंबर लहान तर प्रिंट मऊ, मोठा तर कडक) सरकवायची खाच केली. डबा टेबलापासून दीड मीटर उंच. फिल्टर लावून बहुतेक निगेटिव्हना पाच ते दहा सेकंद लागतात. हातात बरा वेळ राहतो.

तिन्ही पेपर शेजारी ठेवून बघायचं मनात फार दिवस होतं. जर्मनीहून येणाऱ्या एका नातेवाइकाने क्लोराइड पेपरचं पाकीट आणलं तेव्हा ते केलं. दोन निगेटिव्ह निवडल्या. एक वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाची, मार्चमधल्या भर दुपारची: काळ्या बसाल्टच्या पायऱ्या, त्यातल्या काही कृष्णेच्या पाण्याने ओल्या, आणि वर उन्हात भाजणाऱ्या पांढऱ्या भिंती. दुसरी राधानगरीकडची, आषाढातली: ढगाळ आभाळ, भाताची खाचरं, सगळं करडं.

मेणवलीच्या निगेटिव्हने मल्टिग्रेडला घाम फोडला. दोन नंबरच्या फिल्टरवर पायऱ्या एक काळा ठोकळा झाल्या आणि भिंत कोरी. एक नंबरवर दोन्ही टोकं आली, पण मधलं सगळं मातकट, उन्हाची धग गेली. आरसीवर हे जास्त जाणवलं. फायबरवर काळा जरा खोल आला म्हणून प्रिंट सावरली, तरी पायऱ्यांच्या ओल्या आणि कोरड्या दगडातला फरक मला हवा तसा मिळेना. क्लोराइडवर तीच निगेटिव्ह एकाच एक्स्पोजरमध्ये, कुठेही न झाकता, बसली. ओली पायरी ओली दिसली. भिंतीच्या चुन्यावरचे ओघळ दिसले. मी ती प्रिंट हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरमध्ये, असतानाच पांढरा दिवा लावून किती वेळ बघत उभी होते.

राधानगरीची निगेटिव्ह क्लोराइडवर मेली. सरळ सांगायचं तर ती प्रिंट धुतलेल्या पाटीसारखी दिसत होती. आणि तीच निगेटिव्ह साध्या आरसी मल्टिग्रेडवर, साडेतीनच्या फिल्टरने, अशी उठून आली की खाचरातल्या पाण्यातलं आभाळ चमकायला लागलं.

याचं कारण आकड्यांत सांगता येतं. निगेटिव्हमधल्या सर्वांत विरळ आणि सर्वांत दाट भागांच्या घनतेतला फरक घ्या, लॉगच्या मापात. दोन ग्रेडच्या (मध्यम काँट्रास्टच्या) एन्लार्जिंग पेपरला हा फरक साधारण १.०५ लागतो. अझोच्या दोन ग्रेडला तो १.६ च्या आसपास लागायचा. म्हणजे क्लोराइड पेपरला जास्त तगडी निगेटिव्ह हवी. तशी निगेटिव्ह दोन तऱ्हांनी मिळते: प्रसंगच कडक उन्हाचा असतो, किंवा फिल्म मुद्दाम जास्त वेळ डेव्हलप करावी लागते. एचपी फाइव्ह प्लस ही फिल्म मी डी-७६ या डेव्हलपरमध्ये एकास एक पाणी घालून २० अंशांवर ११ मिनिटं करते. क्लोराइडसाठी ठरवून काढलेल्या निगेटिव्ह १४ मिनिटं. सावलीला एक्स्पोजर मात्र सढळ हाताने द्या. नुसती डेव्हलपिंग वाढवून सावलीतला तपशील येत नाही. तुमच्याकडे आत्ता ज्या निगेटिव्ह असतील त्या बहुधा स्कॅन करायच्या हिशेबाने, जरा मऊच धुतलेल्या असतील. त्यांच्यासाठी मल्टिग्रेडच योग्य.

आरसी आणि फायबर यांच्यात निवड करताना पाण्याचाही विचार करा. आरसीच्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचं अस्तर असतं, रसायन आत मुरत नाही. एक मिनिट डेव्हलपर, अर्धा मिनिट रॅपिड फिक्सर, दोन मिनिटं धुतलं की झालं. फायबर म्हणजे खरा कागद. तो हायपो पिऊन बसतो आणि नुसत्या वाहत्या पाण्यात तासभर धुवावा लागतो. दर चार दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात हे करणं मला तरी जिवावर येईल. त्यावर उतारा आहे: ताज्या रॅपिड फिक्सरमध्ये फक्त एक मिनिट, मग पाच मिनिटं पाणी, दहा मिनिटं वॉशएड (हायपो लवकर निघायला मदत करणारं द्रावण) आणि पुन्हा पाच मिनिटं पाणी. फिक्सरमध्ये जास्त वेळ ठेवलात तर या हिशेबाचा उपयोग राहत नाही, कागद तोपर्यंत भरपूर प्यायलेला असतो. क्लोराइड पेपरही बहुतेक फायबरवरच येतात, त्यामुळे हे त्यांनाही लागू.

फायबरची आणखी एक खोड म्हणजे वाळल्यावर प्रिंट किंचित गडद होते. ओली असताना पांढऱ्या भागात जे नाजूक करडेपण दिसतं ते वाळल्यावर जड वाटतं. म्हणून ट्रेमध्ये अगदी अचूक वाटली तर एक्स्पोजर थोडं कमी करून दुसरी काढा. आणि ग्लॉसी फायबर तसाच हवेवर वाळू द्या. वडील क्रोमच्या पत्र्यावर रोलर फिरवून आरशासारखी चकाकी आणायचे, गिऱ्हाइकाला ती हवी असायची. मला ती आता डोळ्यांवर येते. हवेवर वाळलेल्या ग्लॉसीला जी मंद झाक असते ती ४×५ च्या प्रिंटला फार शोभते. मॅट किंवा पर्ल पृष्ठभाग मात्र या आकाराला घेऊ नका, बारीक तपशील त्या दाण्यात हरवतो.

डेव्हलपरसाठी अमिडॉलच्या मागे लागू नका. ते महाग आहे, लवकर खराब होतं आणि नखं काळी करतं. डी-७२ घरी बनतो आणि तिन्ही पेपरला चालतो. पन्नास अंश गरम केलेलं ७५० मिली पाणी घ्या, त्यात सोडियम सल्फाइटची चिमूट टाका, मग मेटॉल ३ ग्रॅम, मग उरलेलं सल्फाइट (एकूण ४५ ग्रॅम, निर्जल), हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, निर्जल सोडियम कार्बोनेट ६७.५ ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम. शेवटी गार पाणी घालून एक लिटर करा. वापरताना एक भागाला दोन भाग पाणी. क्रम बदलू नका. सल्फाइट सगळं आधी घातलं तर मेटॉल विरघळायला त्रास देतं. हातमोजे घाला, मेटॉलने कातडीला खाज सुटते. एप्रिल-मेमध्ये ट्रे मोठ्या परातीत ठेवून परातीत बर्फाचं पाणी घाला, नाहीतर तीस अंशांच्या डेव्हलपरमध्ये प्रिंट अर्ध्या मिनिटातच पळते.

काच पाच-सहा मिलिमीटर जाडीची, कडा घासून घेतलेली. तिचं वजनच दाब देतं. फिल्मची चकचकीत बाजू वर, काचेकडे. मंद बाजू खाली, पेपरच्या इमल्शनकडे. पावसाळ्यात दमट हवेने फिल्म काचेला ठिकठिकाणी चिकटते आणि प्रिंटवर तेलाच्या थेंबासारखी वलयं उमटतात. ती न्यूटनची वलयं. मी त्या दिवसांत काच आधी टेबललॅम्पखाली कोमट करून घेते, तेवढ्याने बरंच काम होतं.

८×१० चा कागद मधून कापला की ५×८ चे दोन तुकडे होतात आणि ४×५ च्या निगेटिव्हला चारी बाजूंनी कड सुटते. चार तुकडे केले तर बरोबर ४×५ चे होतात, पण कड उरत नाही आणि बोटांचे ठसे थेट चित्रावर येतात. ते टेस्ट स्ट्रिपसाठी, म्हणजे एक्स्पोजर तपासून बघायला, ठेवा.

लाल दिव्याचं असं: मल्टिग्रेडला चालणारा गडद लाल किंवा तपकिरी-पिवळसर सेफलाइट (पेपरवर परिणाम न करणारा डार्करूमचा दिवा) क्लोराइडला बिनधास्त चालतो. उलटं करू नका. क्लोराइडला जो उजळ पिवळा दिवा चालतो तो मल्टिग्रेडला धुकट करतो, कारण मल्टिग्रेडला हिरवाही दिसतो. तुमचा दिवा तपासायचा असेल तर पूर्ण अंधारात मल्टिग्रेडच्या तुकड्याला फिकट करडा रंग येईल इतकाच प्रकाश द्या, त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा, मग लाल दिवा लावून पाच मिनिटं थांबा आणि डेव्हलप करा. नाण्याचा गोल दिसला तर दिवा लांब न्या किंवा बदला. कोऱ्या तुकड्यावर ही परीक्षा घेऊ नका. आधी थोडा प्रकाश मिळालेला पेपरच खरं सांगतो.