साडेसहाशेचा हप्ता, मामांची आरएक्स आणि बिचारी स्कूटर

साताऱ्याहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. चार पानांतली अडीच पानं गाड्यांचीच आहेत, म्हणून सार सांगतो. वय ४१, एमआयडीसीत नोकरी, पत्नी शिकवण्या घेतात. दोघांचे मिळून हातात ८७,००० येतात. घराचा हप्ता २१,०००, घरखर्च ३६,०००, विमा आणि फी सरासरी ७,०००, एसआयपी ८,०००. मुलगी नववीत. एफडी १,६०,०००. रोज कामाला सहा वर्षांची १२५ सीसी स्कूटर, ३८,००० किलोमीटर झालेली. आणि रविवारसाठी १९९३ ची यामाहा आरएक्स १००, मामांनी दिलेली. मामा २०१९ मध्ये गेले.

आता त्यांना ६५० सीसीची ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची मोटरसायकल घ्यायची आहे. शोरूमने ऑन-रोड ३,९५,००० सांगितले आहेत. त्यासाठी आरएक्स विकून ८५,०००, एफडीतून ६०,००० आणि उरलेल्या अडीच लाखांचं कर्ज, १२ टक्क्यांनी तीन वर्षं. "महिन्याला पंधरा हजार उरतातच, मग अडचण काय? पण बायको म्हणते, एका माणसाला किती गाड्या लागतात?"

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण मी तुमच्याच पंथातला आहे. माझ्या पार्किंगमध्ये स्कूटरच्या शेजारी एक येझदी रोडकिंग उभी असते. तिचा गिअरचा दांडा मागे वळवला की तोच किकचा दांडा होतो, आणि हे बघायला सोसायटीतली पोरं अजून जमतात. स्कूटरच्या पायाशी गिरणीचा डबा बसतो, येझदीवर तो नेऊन दाखवा. दोन्ही वाहनंच, पण एक गरज आणि दुसरी हौस. हौस असू नये असं मी कधीच म्हणणार नाही. हौसेचे पैसे कुठल्या खिशातून जातात, एवढंच बघणं माझं काम.

मला पत्रातल्या ६५० पेक्षा जास्त खटकली ती आरएक्स. तुम्ही ओघात एक वाक्य लिहिलंय: "गाडी अजून मामांच्याच नावावर आहे, पण घेणारा म्हणतो चालेल." हे वाक्य मी तीनदा वाचलं.

मामांनी २०१८ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण केलं होतं, असं तुम्हीच लिहिलंय. ते पाच वर्षांसाठी असतं. म्हणजे २०२३ पासून एमएच-११ ची ही गाडी कागदावर जिवंतच नाही, आणि तुम्ही तिच्यावर यवतेश्वरचा घाट चढून कासला जाता! अपघात झाला तर विमा कंपनीला नकार द्यायला निमित्त तयार आहे. शिवाय मामांनी हयातीत किल्ली तुमच्या हातात दिली हे खरं असलं, तरी आरसीला, म्हणजे नोंदणीच्या दाखल्याला, ते ठाऊक नाही. वारस मामी आणि त्यांची मुलं. भाचा त्या यादीत येत नाही. म्हणजे तुमच्या हिशेबातली पहिलीच ओळ, ते ८५,००० रुपये, कागदाने तुमचे नाहीत.

"चालेल" म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाचं चालेलच, त्याचं काय जातं? तो गाडी नावावर न करता फिरवेल किंवा पुढे विकेल. उद्या कोणाला धडक बसली तर न्यायालय आरसीवरचं नाव बघतं. मधे गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणीकृत मालकच जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. आरसीवर मामांचं नाव, म्हणजे नोटीस मामींच्या दारात. तुमच्या हौसेपायी त्या माउलीने कोर्टाच्या पायऱ्या चढाव्यात का?

रीत अशी: मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती जोडून फॉर्म ३१ ने गाडी आधी मामींच्या नावावर, मग फॉर्म २९ आणि ३० ने तुमच्या नावावर. त्यासोबत नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या मोटरसायकलला आता ही फी २,००० आहे. उशिराचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा. २०१९ च्या आधीची गाडी म्हणून नवी सुरक्षा नंबर प्लेटही लागेल, ती जीएसटी धरून ५३१ रुपयांची. एजंटाचे पैसे वेगळे. आरटीओत दोन-तीन खेटे पडतील. पडू देत.

आणि कागद झाल्यावर विकायची का? माझं मत, नाही. आरएक्स भारतात आली १९८५ मध्ये, बंद झाली १९९६ मध्ये. ९८ सीसीचं ते टू-स्ट्रोक इंजिन आजच्या प्रदूषणाच्या नियमांत पुन्हा बनणं नाही. लोक तिला गुंतवणूक म्हणतात ते मात्र सोडून द्या. तिचा बाजार हौशी लोकांच्या लहरीवर चालतो, पैशांची नड असेल त्या आठवड्यात गिऱ्हाईक मिळत नाही. विकल्यावर नफ्यावर कर लागत नाही हे खरं, कारण वापरातली गाडी वैयक्तिक वस्तूत मोडते. माझं कारण साधं आहे. ६५० कधीही मिळेल, पैसे टाकले की झालं. मामांची गाडी एकदा गेली की गेली. आणि ठेवायला खर्च तरी काय? थर्ड पार्टी विमा ७१४ अधिक जीएसटी, थोडं टू-टी ऑइल, वर्षाकाठी कार्ब्युरेटरची सफाई. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी नळे लवकर कडक होतात, तेवढे बदलून घ्या, आणि गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करत जा.

आता ६५०. अडीच लाखांचा हप्ता बसतो साधारण ८,३०० आणि तीन वर्षांत व्याज ४९,०००. तुमच्या पंधरा हजारांत तो बसतो, मान्य. पण तुम्ही ही गाडी चालवणार किती? पत्रात लिहिलंय: महिन्यातले दोन रविवार, पावसाचे चार महिने नाही, वर्षातून चार दिवस कोकण. म्हणजे वर्षाला २० दिवस, तीन वर्षांत ६०. तीन वर्षांनी गाडीचे २,४०,००० आले असं धरू. घट १,५५,०००, व्याज ४९,०००, सर्व्हिसिंग, पुढचा विमा आणि एखादा टायर मिळून ४५,०००. एकूण २,४९,०००. भागिले ६०: दिवसाला ४,१५० रुपये, पेट्रोल वेगळं. काळ्या पाटीवर पिवळ्या आकड्यांची भाड्याची गाडी यापेक्षा कमी पैशांत दिवसभर मिळते. कोकणच्या चार दिवसांसाठी एकदा तशी घेऊन बघा. दोनशे किलोंच्या वरचं ते धूड चढावर वळवताना कसं वाटतं, तेही कळेल.

"आता नाही घेतली तर अजून महाग होईल," असं तुम्ही लिहिता. जी महागायची ती महागून झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्यांवर सेस धरून ३१ चा ४० टक्के. पूर्वी ही रेघ ओलांडायला शंभराला तीन रुपये जास्त पडत, आता बावीस. नव्या गाडीला एकदम घ्यावा लागणारा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमाही १५० ते ३५० सीसीला ७,३६५ आणि वर १५,११७, जीएसटी वेगळा. तुम्हाला परवडत नाही असं म्हणत नाहीये, पण या घडीला ३५० च्या वरची गाडी म्हणजे हौसेवर भरलेला कर आहे हे समजून घ्या. डीलरने त्यात १५ लाखांचा अपघात विमा घातला असेल तर तो काढायला लावा. तुमचा स्कूटरसोबत आहेच, आणि तो माणसागणिक एक पुरतो.

माझी खरी हरकत एफडीला हात लावण्यावर आहे. एसआयपी वगळून तुमचा न टळणारा खर्च ६४,००० आहे, म्हणजे एफडी म्हणजे अडीच महिन्यांचा श्वास. त्यातून ६०,००० काढले आणि नवा हप्ता चढवला की दीड महिनाही उरत नाही. एमआयडीसीत ले-ऑफ म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि शेवटचे हप्ते फेडताना मुलगी बारावीत असेल.

म्हणून पुढच्या महिन्यापासून ८,३०० चा हप्ता सुरू करा, पण तो स्वतःला. बँकेच्या रिकरिंग डिपॉझिटमध्ये टाका आणि कर्ज असल्यासारखाच भरा, दिवाळी असो की लग्न. पहिल्या वर्षाचे ९९,६०० गाडीचे नाहीत. ते एफडीला जोडले की चार महिन्यांचा खर्च गाठीशी बसतो. त्यापुढच्या दीड वर्षात दीड लाखाच्या आसपास जमतील. त्यात चांगली वापरलेली ३५० येते, बिनकर्जाची. बोनस घातलात तर आधीच. तिसऱ्याच महिन्यात हप्ता चुकला, तर शोरूममध्ये सही केली नाही हे बरं झालं म्हणा. आणि अडीच वर्षांनीही मन ६५० वरच असेल, तर पुन्हा लिहा. तेव्हा माझा विरोध बराच मवाळ असेल.

मी स्वतः हे उलट्या क्रमाने केलं होतं. येझदी आवेशात घेतली, तीही अपुऱ्या कागदांची. गॅरेजवाल्याकडे सात महिने पडून होती आणि त्या सात महिन्यांत स्कूटरच्या सर्व्हिसिंगला पैसे पुरवून पुरवून वापरत होतो. शेवटी स्कूटरचा बेल्ट तुटला तो भर पावसात, खंबाटकी घाटात. हौसेची गाडी गॅरेजमध्ये आणि गरजेची ढकलत, असा घरी पोचलो.

तेव्हा तुमचं ते "स्कूटर अजून तीन वर्षं ओढायची" हे वाक्यही खोडा. ३८,००० झालेत. बेल्ट, रोलर आणि मागचा टायर बघून घ्या, लागले तर याच महिन्यात बदला. पोवई नाक्याच्या गर्दीतून रोज कामावर नेऊन पगार आणते ती तीच.

आणि मामींना लवकर भेटा. संमतीचा विषय फोनवर काढू नका, समोर बसून बोला. फक्त त्यांच्याकडे आरएक्सवरून जाऊ नका, तिची नोंदणी संपलेली आहे. स्कूटर काढा.