लहरी वळवणारे पृष्ठभाग: शाखा कोणती घेऊ?

प्रश्न: मी नारायणगावला बारावी सायन्सला आहे. आकार बदलून रेडिओ लहरी हव्या तिकडे वळवणाऱ्या पृष्ठभागांबद्दल वाचलं. त्यातच काम करायचंय. मेकॅनिकल घेऊ, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) की बीएस्सी फिजिक्स? पप्पा कॉम्प्युटरच घे म्हणतात. – ओंकार

उत्तर: ओंकार, माझं स्पष्ट मत ईएनटीसीला. हलणारे भाग मेकॅनिकलवाले बनवतील; पण कुठला भाग किती हलवायचा, हे लहरींच्या गणितावरून ठरतं.

अमेरिकेतली ग्रीन बँक रेडिओ दुर्बीण बघ. तबकडी 100 बाय 110 मीटर, 2004 पत्र्यांची. ती कलली की स्वतःच्याच वजनाने वाकते, म्हणून पत्र्यांच्या कोपऱ्यांखालच्या 2209 मोटरी त्यांना वर-खाली करून आकार सावरतात. तुमच्या शेजारच्या खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत, याची गरजच नाही. तिथल्या 45 मीटरच्या तबकड्यांना चक्क तारेची जाळी आहे, कारण तिथल्या लहरी साधारण 20 सेंटिमीटर आणि त्याहून लांब. ग्रीन बँकला 3 मिलिमीटरच्याही टिपायच्या असतात. पृष्ठभागातली चूक ढोबळमानाने लहरीच्या लांबीच्या विसाव्या भागापर्यंत चालते. म्हणजे 20 सेंटिमीटरला 1 सेंटिमीटर, तर 3 मिलिमीटरला फक्त 0.15 मिलिमीटर!

सिक्स-जी मोबाइलसाठी लहरी वळवणाऱ्या ज्या फलकांवर संशोधन चाललंय, त्यांतल्या बहुतेकांत मात्र काहीच हलत नाही. फलकाच्या प्रत्येक चौकोनातला डायोड (छोटा इलेक्ट्रॉनिक भाग) परतणाऱ्या लहरीची फेज, म्हणजे तिच्या चढ-उताराची वेळ, बदलतो आणि सगळ्यांचा मिळून झोत वळतो. ओरिगामीसारख्या घड्या घालून तांब्याच्या नक्षीतलं अंतर बदलण्याचेही प्रयोग चालू आहेत. तू वाचलंस ते बहुधा हेच.

या सगळ्याच्या मुळाशी इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स आहे. बहुतेक मुलं हा विषय आदल्या रात्री सूत्रं पाठ करून काढतात. तू तसं करू नकोस, कळकळीने सांगतो. फिजिक्सची ओढ जास्त असेल, तर आयसर पुणे ही विज्ञान संस्थाही चांगला रस्ता आहे.

पप्पांची काळजी रास्त आहे. नेमक्या याच विषयात संशोधन करायचं तर एमटेक किंवा पीएचडी लागेल, हे त्यांना आधीच सांग. पण अँटेना आणि आरएफ (रेडिओ लहरींचं तंत्र) येणाऱ्याला इस्रो, डीआरडीओ, मुंबईची समीर ही संशोधन संस्था, टेलिकॉम कंपन्या अशा बऱ्याच जागा आहेत. पायथनही शीक, सिम्युलेशनला लागतंच.

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन असतं. यंदा बोर्डाचा पेपर आडवा आला तर पुढच्या वर्षी जा, पण इंजिनिअरांना प्रश्न विचारून ये.

सीईटीचा पर्सेंटाइल लिहिला नाहीस. निकाल लागला की कळव, कॅप राउंडची कॉलेजं नेमकी सुचवतो.