पीअर रिव्ह्यू झालेला पेपर म्हणजे त्यातलं सगळं खरंच असतं का?

सरांनी प्रकल्पासाठी 'फक्त पीअर रिव्ह्यू झालेलेच पेपर वापरा' असं सांगितलंय, मग असा पेपर मिळाला की त्यातलं सगळं खरं धरायचं का, असं तुम्ही विचारलंय. नाही. सरांचा सल्ला योग्य आहे, पण खरं काम त्यापुढे सुरू होतं.

पीअर रिव्ह्यूमध्ये संपादक तुमच्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पेपर पाठवतात. ते शंका काढतात, दुरुस्त्या सुचवतात, कधी पेपर नाकारायलाही सांगतात. पण प्रयोग ते स्वतः करून बघत नाहीत आणि मूळ नोंदीही बहुतेक वेळा त्यांच्यासमोर नसतात. मांडणीतली चूक त्यांना दिसते, पण कुणी नोंदींमध्येच फेरफार केले असतील तर ते सहज निसटतात.

मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो, तेव्हा १९९८ चा एक पेपर हमखास वाचायला देतो. 'द लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला होता. एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला या आजारांवरची एकत्रित) लशीमुळे ऑटिझम म्हणजे स्वमग्नता होते ही भीती त्यातून पसरली आणि ब्रिटनमध्ये लसीकरण घसरलं. आता पेपर उघडून बघा. मुलं फक्त १२. तुलनेसाठी दुसरा गट नाही. लशीनंतर वागणं बदललं ही ८ मुलांबाबतची माहिती पालकांनी किंवा त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेली. आणि असा संबंध आम्ही सिद्ध केलेला नाही, हे वाक्य खुद्द त्याच पेपरात आहे! पुढे २००२ मध्ये डेन्मार्कमधल्या ५,३७,३०३ मुलांचा अभ्यास आला. त्यात लस घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमचा धोका वाढलेला दिसला नाही. २००४ मध्ये मूळ पेपरच्या १३ पैकी १० लेखकांनी लशीबाबत काढलेला अर्थ मागे घेतला, मुलांच्या नोंदींत फेरफार असल्याचंही उघड झालं, आणि २०१० मध्ये जर्नलने पूर्ण पेपरच मागे घेतला. चूक सुधारली गेली, पण त्याला १२ वर्षं लागली. एकट्या पेपरवर भिस्त ठेवू नका म्हणतो ते यासाठीच.

म्हणून गोषवारा वाचला की थेट 'पद्धती' या भागावर या. तो रुक्ष असतो, मुलं तो टाळतात, पण माझ्या मते पेपरचा जीव तिथेच असतो. किती जणांचा अभ्यास केला, त्यांना कसं निवडलं, तुलना कुणाशी केली, मोजलं कसं? समजा, एका पाहणीत जास्त मोबाईल वापरणाऱ्या विद्यार्थ्यांची झोप कमी आढळली. मोबाईलमुळे झोप उडाली, की झोप येत नाही म्हणून मोबाईल हातात घेतला, की परीक्षेच्या ताणामुळे दोन्ही झालं? एकदाच प्रश्नावली भरून घेतली असेल तर यातलं काहीच ठरवता येत नाही. लेखकांनी ते 'मर्यादा' या भागात मोकळेपणाने लिहिलं असेल, तर माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढतो.

मग गुगल स्कॉलर या संशोधनाचे पेपर शोधायच्या साइटवर जाऊन या पेपरचा उल्लेख पुढे कुणी केला ते बघा. नुसती संख्या बघू नका, कारण वेकफिल्डच्या पेपरचा उल्लेख तो खोडून काढणाऱ्यांनीही भरपूर केलाय. पेपर मागे घेतलेला नाही ना, हे जर्नलच्या पानावर तपासा. प्रीप्रिंट, म्हणजे लेखकांनी आधीच ऑनलाइन टाकलेला पेपर असेल, तर त्याचा पीअर रिव्ह्यू व्हायचा आहे, एवढं ध्यानात ठेवा.

प्रकल्पात 'संशोधनाने सिद्ध झालं आहे' असं लिहू नका. 'अमुक इतक्या विद्यार्थ्यांच्या पाहणीत असा संबंध दिसला' असं लिहा. विरुद्ध निष्कर्षाचा पेपर सापडला तर तोही द्या. त्यामुळे गुण कापले जातील अशी भीती मुलांना वाटते, पण मी तरी अशा प्रकल्पांना जास्तच गुण देतो.